दहा मिनिटांची कडी

गल्लीत कुणाचंही दार अडलं, की पहिली हाक कुलूपकाकांना. बाजाराच्या मागच्या अंगाला एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटच म्हणायचं. आत काका बसले, की गिऱ्हाइकाला बाहेरच उभं राहावं लागे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, पुढ्यात किल्ली कापायचं यंत्र, डाव्या हाताशी कानशींचा डबा. चाळीस वर्षं त्या यंत्राच्या किरकिरीत बसून त्यांचे कान मंदावले होते, पण बोटं अशी तयार, की कुलपात तार घालून डोळे मिटले म्हणजे आतली एकेक खीळ त्यांना जागच्या जागी कळायची. एकदा एक तान्हं मूल घरात आणि त्याची आई बाहेर अडकली. काका जेवता जेवता उठले, दार उघडून आले आणि पुन्हा ताटावर बसले, तेव्हा ताटातलं अजून गरम होतं, असं काकू कौतुकानं सांगायच्या. आणि लगेच म्हणायच्या, "साऱ्या गावाची दारं उघडतात, घरात मात्र यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही."

त्यांचं घर गल्लीच्या अगदी टोकाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हातभर परस. परसाच्या भिंतीपलीकडे नाला, त्यापलीकडे झुडपं, आणि मग रुळांचा पट्टा. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, घर खायला उठलं, तेव्हा काकूंनी कोंबड्या आणल्या. आधी तीन, मग पाच, होता होता नऊ. काकांनी एक जुनं लाकडी कपाट आडवं पाडलं, एका अंगाला कोंबड्यांची म्हणून बाजारात मिळते ती पातळ षट्कोनी जाळी ठोकली, आणि खुराडं करून दिलं. पुढे त्यांचा कोंबड्यांशी संबंध उरला तो ताटात येणाऱ्या अंड्यापुरता.

खुराड्याच्या दाराला एक आकडा होता. तो गंजला, वाकला आणि एक दिवस बसेनासा झाला.

"अहो, खुराड्याचा आकडा गेलाय. जरा बघा ना."

"उद्या बघतो."

या उद्याचे अडीच महिने झाले. काकांच्या मनात टाळायचं नव्हतं. दुकान बंद करून घरी यायला आठ वाजत, तोवर अंधार पडलेला असे, आणि दिवसभर लोकांच्या कुलपांत डोळे घातल्यावर घरी पुन्हा पान्हा हातात धरायचा त्यांना कंटाळा यायचा. काकूंनी दोनतीनदा आठवण केली, मग सोडून दिलं. एका जुन्या पिशवीचा बंद कापून त्या दार बांधायला लागल्या. पण गाठ ती गाठ. सुटली असेल का, या धास्तीनं झोपायच्या आधी टॉर्च घेऊन पुन्हा एक फेरी मारायच्या. भिंतीवर त्यांनी ओल्या पावलांचे ठसे पाहिले होते.

"कोल्हा येतोय हो नाल्याकडून."

"भर वस्तीत कुठला आलाय कोल्हा? मांजर असेल एखादं."

त्या रात्री काकूंना खोकला होता. काकांची झोपमोड नको म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलं होतं. काका आत लवकर झोपले. दहाच्या सुमारास काकू नेहमीसारख्या टॉर्च घेऊन मागच्या दारानं बाहेर पडल्या. मोरीच्या पाण्यानं तिथली दगडी पायरी बुळबुळीत झालेली असायची. पाय सरकला आणि त्या कुशीवर आपटल्या.

त्यांनी हाका मारल्या. आत काकांपर्यंत पोचेल असा आवाज खोकल्यानं बसलेल्या घशातून निघेना. मग हाताशी कोंबड्यांच्या दाण्यांचा पत्र्याचा डबा लागला, तो त्या भिंतीवर आपटत राहिल्या. काकांना तो आवाज ऐकू आला होता. हीच गोष्ट त्यांनी पुढे कुणाला सांगितली नाही, पण ती त्यांना विसरताही आली नाही. झोपेत त्यांना वाटलं, शेजारी कुणीतरी खिळे ठोकतंय. एवढ्या रात्री काय हे, असं पुटपुटून ते कूस बदलून झोपले. बारा वाजता तहान लागली म्हणून उठले, तेव्हा मागचं दार सताड उघडं दिसलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजारच्या रिक्षावाल्यानं रातोरात दवाखान्यात नेलं. काकूंना बाकड्यावरून खाटेवर घेत होते, तेव्हाही त्यांनी काकांची बाही धरली.

"खुराड्याची गाठ बघितलीत का?"

"बघितली, बघितली. तू गप्प पड."

बघितली नव्हती. सकाळी दहाला काका घरी आले, तर खुराड्याचं दार वाऱ्यावर हलत होतं आणि परसभर पिसं. दोन कोंबड्या नव्हत्या. उरलेल्या सात एकमेकींना चिकटून कपाटाच्या वरच्या फळीवर बसल्या होत्या, आणि दिवस इतका वर येऊनही त्यांतली एकही खाली उतरायला तयार नव्हती. भिंतीवर ओल्या मातीत पंजा उमटला होता. मांजराचा नव्हता.

काकांनी दुकानातून एक पितळी कडी-कोयंडा आणला आणि उभ्या उभ्या बसवला. मग सगळी पिसं वेचली आणि दवाखान्यात गेले.

"कोंबड्या?" काकूंनी विचारलं.

"आहेत की."

"किती?"

"किती म्हणजे? नऊ."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईला कशाला घोर लावायचा, असा त्यांचा हिशेब. ऑपरेशन होऊन काकू जरा बऱ्या झाल्या, की सांगून टाकू. पण ऑपरेशननंतर ताप आला. ताप उतरला तर पाठीला जखम झाली. रोज सकाळी काका डब्यात उकडलेली अंडी घेऊन जायचे, काकू एक खायच्या आणि बाकीची वॉर्डातल्या बायकांना वाटायच्या. समोरच्या खाटेवरची म्हातारी, कोपऱ्यातली शिवणकामवाली, रात्रपाळीची सिस्टर, सगळ्यांना काकूंच्या कोंबड्या तोंडपाठ झाल्या. मानेवर पिसं नसलेली ती भांडखोर. राखाडी ती आळशी. लंगडी ती सगळ्यांत गुणी. सांगताना काकूंचा चेहरा फुलायचा, आणि ते बघितल्यावर काका पुन्हा नऊच म्हणायचे. मानेवर पिसं नसलेली पहिल्याच रात्री गेली होती.

कोल्ह्याला एकदा वाट कळली होती. दाराला आता अशी कडी होती, की चोरानंही हात टेकले असते. पण तो दाराशी गेलाच नाही. चार दिवसांनी त्यानं कपाटाच्या कडेनं माती उकरली आणि कुजक्या तळफळीतून आत शिरला. एक नेली, एक मारून तिथंच टाकली. काकांनी खाली विटा रचल्या. आठवड्याभरानं त्यानं पातळ जाळीच दातांनी फाडली आणि आणखी एक नेली. चाळीस वर्षं कुलपांशी झटलेला माणूस खुराड्यासमोर उकिडवा बसून त्या भोकाकडे बघत राहिला. कुलूप कसं फसवायचं हे त्यांना ठाऊक होतं. जनावराची भूक त्यांनी कधी हाताळली नव्हती.

आता चार उरल्या, आणि भेदरलेल्या चारांनी अंडी देणंच बंद केलं.

म्हणून काका बाजारातल्या अंडीवालीकडे गेले. ही बाई गावाबाहेर राहायची, पन्नासेक कोंबड्या पाळायची आणि रोज सकाळी टोपली घेऊन पुलाच्या तोंडाशी बसायची. तोंडाची फटकळ.

"तुमच्या घरी कोंबड्या आहेत ना? मग इथं कशाला?"

काकांनी आधी उडवाउडवी केली. मग तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, सगळं सांगून टाकलं. घरी सांगता येत नव्हतं ते परक्या बाईला सांगायला सोपं गेलं.

तिनं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "काका, ती पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर नाही ठेवत. जाड तारेची, बारीक चौकोनाची, वेल्डिंग केलेली जाळी आणा. आणि ती भिंतीपाशी संपवू नका. खाली वीतभर पुरा, मग बाहेरच्या अंगाला हातभर आडवी पसरून वर माती टाका. जनावर भिंतीला लागून उकरतं. जाळी लागली की मागे सरकून उकरायचं त्याच्या डोक्यात येत नाही. दाणे रात्री बाहेर सांडू देऊ नका, त्यानं उंदीर येतात आणि उंदरामागून बाकीचे. आणि दिवस मावळायच्या आत स्वतः मोजून दार लावायचं. स्वतः. कडी काय, ती कुणी लावली तर लागते."

अंडी तिनं मोजून दिली, पण वर एक शब्द टाकलाच. "बायकोला खरं सांगा. बायकांना कळतं."

काकांनी जाळी आणली. पण जाळी लावायला दिवस हवा, आणि त्यांचा दिवस दवाखाना आणि दुकान यांत फाटून जात होता. तरी त्यांनी आता संध्याकाळी लवकर येऊन दार लावायचा नेम धरला. आणि तिसऱ्या दिवशी काकूंनी अंडं सोलता सोलता हात थांबवला.

"हे आपलं नाही."

"म्हणजे?"

"आपल्या कोंबड्यांची अंडी तांबूस. लंगडीच्या अंड्यावर ठिपके असतात. ही सगळी पांढरी." त्यांनी टरफलाचा तुकडा बोटांवर धरून उजेडाकडे नेला. "परवाची पण पांढरी होती. मला वाटलं, माझे डोळे गेले."

काका डब्याचं झाकण लावायला लागले. ते बसेना.

"किती राहिल्यात?"

काकांनी डबा तसाच पिशवीत घातला.

"अहो, किती?"

"चार."

समोरची म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडली. काकूंनी टरफलाचा तुकडा उशाशी ठेवला. मग त्यांनी एकेकीचं विचारलं, आणि काका सांगत गेले. ही पहिल्या रात्री. ही तळातून. ही जाळीतून. लंगडी आहे. राखाडी आहे.

"मला रोज नऊ सांगत होतात."

"तुला त्रास नको म्हणून."

"आणि मी या बायकांना नऊच्या गोष्टी सांगत बसले होते." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "आणि कडी?"

"बसवली."

"कधी?"

"तू इथं आलीस त्याच दिवशी."

"किती वेळ लागला?"

काकांनी खाली मान घातली. खोटं बोलायचा आता धीर नव्हता.

"दहा मिनिटं."

काकूंनी डोळे मिटले. काकांना वाटलं, आता बोलतील. अडीच महिन्यांचा जाब विचारतील, पायरीचा विचारतील, त्या डब्याच्या आवाजाचा विचारतील. त्यांनी काहीच विचारलं नाही. मिटल्या पापणीखालून पाणी आलं आणि कानाकडे गेलं, आणि काकांनी ते पुसायला हात पुढे केला तर त्यांनी मान थोडी बाजूला घेतली. एवढंच. पण ती मान वळवणं काकांच्या छातीत बसलं.

संध्याकाळी निघताना मात्र काकूंनीच हाक मारली.

"अहो."

"काय गं?"

"दिवस मावळायला आलाय. जा लवकर. त्या वाट बघत असतील."

त्या रविवारी काकांनी दुकान उघडलंच नाही. कपाटाची कुजकी तळफळी उपटून तिथं नवी ठोकली, पातळ जाळी काढली, जाड जाळी लावली. कुदळीनं चारी बाजूंना चर खणला, जाळी वीतभर पुरली, हातभर बाहेर पसरली. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यालाही तीच जाळी. दाराला खालून-वरून दोन कड्या, आणि वरच्या कडीत अशी खीळ, की ती आधी उचलून मग फिरवावी लागे. हाताचे फोड फुटले. आपल्या उभ्या आयुष्यात इतकं चोख काम आपण केलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटल्याचीच लाज वाटली. मागच्या दाराची ती पायरीही त्यांनी घासली आणि छिन्नीनं तिच्यावर आडव्या रेघा पाडल्या, पाय सरकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना मोबाइलवर खुराड्याचे फोटो दाखवले. काकूंनी ते जवळ धरून नीट बघितले, बोटांनी मोठे करून बघितले.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात आत उकडणार नाही ना?"

"झरोका ठेवलाय."

"मग छान झालंय."

घरी सोडायचं बोलणं चाललं होतं. लेक येऊन राहिली होती, तिनं बाहेरच्या खोलीत खाट लावून ठेवली, अशी की खिडकीतून परस दिसावं. पण पाठीची जखम चिघळली, पुन्हा ताप चढला आणि छातीत कफ भरला. डॉक्टरांनी लेकीला आणि काकांना बाहेर बोलावून घेतलं. त्यानंतरचे दोन दिवस आणि दोन रात्री ती दोघं दवाखान्यातून हलली नाहीत. काकू मधूनच जाग्या व्हायच्या, मधूनच काहीतरी बोलायच्या. एकदा त्यांनी काकांचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्यात क्षमा होती की नुसता तापातला आधार, हे काकांना कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि नंतर विचारायला कुणी उरलं नाही. दुसऱ्या रात्री, उजाडायच्या थोडं आधी, काकू गेल्या.

सगळं उरकून काका आणि लेक घरी आली, तेव्हा लेक मागच्या दारात गेली आणि तिथंच थबकली.

"बाबा, खुराड्याचं दार कुणी लावलं होतं?"

कुणीच लावलं नव्हतं. शेजाऱ्यांना सांगायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दोन रात्री ते भक्कम खुराडं, त्याच्या दोन कड्या आणि आधी उचलून मग फिरवायची खीळ, सगळं उघडं पडलं होतं. कुठं खणल्याची खूण नव्हती, कुठं जाळी फाटलेली नव्हती. जनावर दारातून आलं होतं आणि दारातून गेलं होतं. राखाडी राहिली होती, परसातल्या पाण्याच्या टाकीवर चढून बसलेली. बाकी तिन्ही गेल्या होत्या.

काका पायरीवर बसले आणि तेव्हा पहिल्यांदा रडले. आडदांड माणूस, पण लहान पोरासारखे हुंदके देत होते. लेक शेजारी बसली. तिच्या मनात बापावर राग नव्हता असं नाही. अडीच महिन्यांचं तिलाही माहीत होतं, आईनं फोनवर हसत हसत सांगितलं होतं. पण त्या वेळी तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

महिन्याभरानं लेक आपल्या घरी गेली. काका आता दुकान पाचलाच बंद करायचे. गिऱ्हाइकं कुरकुरायची, ते ऐकू न आल्यासारखं करायचे. घरी येऊन राखाडीला आत घालायचे, दोन्ही कड्या लावायचे, खीळ उचलून फिरवायचे, आणि झोपायच्या आधी पुन्हा एकदा हात लावून बघायचे. राखाडी सुखरूप होती. पण ती खाईना. दिवसभर कोपऱ्यात पिसं फुगवून उभी राहायची, दाणे टाकले तर दोन टिपायची आणि थांबायची. तीही अंडी देत नव्हती.

काका पुलावर गेले. अंडीवालीला काकूंचं कळलं होतं. तिनं टोपली बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली.

"एकटी कोंबडी जगत नाही काका. चार पिसांची ऊब लागते तिला. आणखी आणता का? खुराडं तर तुमचं आता लाखात एक आहे."

"नको," काका म्हणाले. "दिवस मावळला आणि मी घरी नसलो तर?"

तिनं पुढे आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी काका राखाडीला टोपलीत घालून, वर फडकं बांधून तिच्या घरी घेऊन गेले. अंडीवालीनं तिला उचललं, चोच बघितली, पिसं फुंकून कातडी बघितली आणि मान डोलावली.

"नाव काय हिचं?"

काका गडबडले. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. राखाडी हे रंगाचं वर्णन झालं. तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला.

"नावं कुठं होती बाबा?" लेक म्हणाली. "आई सगळ्यांना बाईच म्हणायची. चल बाई, सरक बाई, आत हो बाई. रोज संध्याकाळी. तुम्ही कधी ऐकलं नाहीत?"

संध्याकाळी काका दुकानात असायचे. त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"अंधार पडल्यावर तिला बाकीच्यांच्या मधे बसवून देईन," अंडीवाली म्हणाली. "उजेडी सोडली तर टोचून हैराण करतील. रात्री शेजारी झोपली, की सकाळी आपली वाटते."

पंधरा दिवसांनी काका तिकडे गेले. संध्याकाळ होत होती आणि पन्नास कोंबड्या एकामागून एक आत शिरत होत्या. काका जाळीला नाक लावून बघत राहिले. राखाडी रंगाच्या सातआठ होत्या, सगळ्या टवटवीत, सगळ्या एकमेकींना ढकलत. त्यांतली काकूंची कोणती, ते त्यांना ओळखता येईना. चष्मा पुसून बघितलं, तरी येईना.

"ती काय," अंडीवालीनं बोट दाखवलं. "डावीकडून तिसरी. परवापासून अंडी द्यायला लागली."

काका "हो, हो" म्हणाले. पण तेवढ्यात कोंबड्या पुन्हा सरकल्या, आणि डावीकडून तिसरी कोणती, ते पुन्हा कळेना झालं. पुन्हा विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. सगळ्या आत जाईपर्यंत ते तिथंच उभे राहिले, आणि मग अंधारायच्या आत घरी निघाले. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं, तरी पाऊल भराभर पडत होतं. ती सवय पुढे बरेच दिवस सुटली नाही.